विहीणबाईंची लाथ

मंगतायारुला बसता येत नव्हतं, आणि तिचा सगळा धंदाच बसण्याचा होता.

चुलीवर पालथं घातलेलं मडकं, खाली नारळाच्या झावळ्यांचा जाळ आणि समोर बुटक्या पाटावर मंगतायारु. उजवीकडं वळून फडकं तांदळाच्या पातळ पिठात बुडवायचं, तापल्या मडक्यावरून झरकन ओढायचं, की कागदासारखा पापुद्रा सुटून येतो. तो डावीकडं वळून रचून ठेवायचा. पुढं त्यात तूप-गूळ भरून घडी घातली की त्याचे पूतरेकु होतात, आणि ते खाताना माणूस बोलायचं विसरतो. तिच्या पापुद्र्याआडून वर्तमानपत्र वाचता येतं असं लोक म्हणत. ते खोटं नव्हतं. तिचा नवरा पेर्राजू येईल त्या पाहुण्याला मथळा वाचून दाखवायचा.

उजवीकडं वळा, डावीकडं वळा, असं तीस वर्षं चाललं. मग दोन वर्षांपूर्वी उजव्या कुल्ल्यात कळ उठली. कंबर संपते आणि कुल्ला सुरू होतो त्या हद्दीवर, एका बोराएवढ्या जागेत. बसलं की कळ, उठलं की कळ, आणि जिन्याची पायरी दिसली तरी कळ. मंगतायारु पाटावर एकाच अंगावर बसायला लागली. पेर्राजूला वाटलं, बायको आपल्यावर रुसून पाठ फिरवून बसते.

रावुलपालेमच्या डॉक्टरनं पहिल्याच भेटीत विचारलं, "कुठं दुखतं?" आता परक्या पुरुषाला, तोही पोरसवदा, कुल्ल्यावर बोट ठेवून कसं दाखवायचं? मंगतायारुनं दुखणं सभ्यपणे चार बोटं वर सरकवलं आणि सांगितलं, "कंबर." डॉक्टर कंबरेवर उपचार करत राहिला. पट्टा झाला, शेक झाला, मलम झालं. सहा महिन्यांत तिची कंबर अशी ठणठणीत झाली की पंचक्रोशीत तशी कंबर नव्हती. दुखणं मात्र जिथल्या तिथं.

शेवटी मुलगी हारिका सोबत गेली. हारिका त्याच गावात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिला शब्दांचा विटाळ नव्हता.

"डॉक्टरगारू, हिची कंबर दुखत नाही. हिचं बूड दुखतं."

मंगतायारुनं पदर तोंडावर ओढून घेतला. डॉक्टरनं अंगठ्यानं नेमकं तिथं दाबलं. तिनं अशी किंकाळी फोडली की बाहेर नंबर लावून बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले.

"सापडलं," डॉक्टर खुशीत म्हणाला. "पाठीचा कणा खाली कमरेच्या मोठ्या हाडात जिथं बसतो ना, तिथला सांधा आहे हा. मुळात जेमतेम हलणारा, आणि तुम्ही त्याला तीस वर्षं पिळताय."

"मग सुई द्या."

"सुई नको. अर्ध्या तासानं उठायचं, चार पावलं चालायचं. पिठाचं भांडं उजवीकडून समोर घ्यायचं, म्हणजे पीळ बसणार नाही. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्यायचे. गुडघ्यांत उशी धरून दाबायची. कुशीवर झोपताना पण गुडघ्यांमध्ये उशी."

"आणि औषध?"

"हेच औषध, अम्मा."

"उशी?"

"उशी. मुरलेलं दुखणं आहे, एका दिवसात पळणार नाही. पण रोज केलंत तर ताब्यात राहील."

मंगतायारुचा त्या डॉक्टरवरचा विश्वासच उडाला. सुई नाही, बाटली नाही, एवढं शिकून माणूस उशी सांगतो. तिनं ती कवायत चार दिवस केली. पाचव्या दिवशी कळ थोडी कमी वाटली, तेव्हा बरी झाले म्हणून सोडून दिली. सहाव्या दिवशी कळ परत आली, तेव्हा कवायतीचा काही उपयोग नाही म्हणून सोडून दिली.

खरं औषध काय ते तिला आधीपासून माहीत होतं. ते सगळ्या गोदावरीकाठाला माहीत होतं. कंबर धरली, पाठ धरली, उसण भरली, तर पायाळू माणसाची लाथ खायची. आईच्या पोटातून जो पायांकडून बाहेर आला, त्याच्या डाव्या पायाच्या तीन लाथा, रविवारी, उपाशीपोटी. आणि पायाळूंमधली पायाळू म्हणजे नदीपलीकडची वीरवेणी. तिच्या लाथेची कीर्ती अशी, की लोक काकिनाड्याहून पहाटेची बस धरून यायचे आणि तिच्या ओसरीवर भिंतीला हात टेकून ओळीनं वाकून उभे राहायचे. एका निवृत्त तहसीलदारानं तिची लाथ खाल्ली होती आणि वर साडी दिली होती.

हारिकाला हे असलं खपत नसे. म्हणून मंगतायारुनं गुपचूप ठरवलं, येत्या रविवारी देवळाचं नाव सांगायचं आणि होडी पकडून पलीकडं जायचं. शनिवारी हारिका तिच्याजवळ येऊन बसली.

"अम्मा, मला एक मुलगा आवडलाय."

मंगतायारुच्या हातातलं फडकं पिठातच राहिलं. सत्तावीस वर्षांची पोर. दोन स्थळं जमता जमता फिसकटली होती, आणि तेव्हापासून ती लग्नाचं नाव काढू देत नव्हती. "कोण गं?"

"दुर्गाप्रसाद. शाळेत गणित शिकवतो. खूप चांगला आहे, अम्मा. माझं ऐकून घेतो. मधे मधे बोलत नाही."

"घर कुणाचं?"

"पलीकडच्या काठाला. सत्तिबाबूगारूंचा मुलगा. आणि अम्मा, त्याची आई म्हणजे..." हारिका हसायला लागली. "ती लाथवाली वीरवेणी."

मंगतायारुला हसावं की रडावं कळेना. जिच्या पायाशी जायचं, ती स्वतःच्या पायानं दारात येणार होती. आणि तिला काही म्हणजे काही सांगता येणार नव्हतं. कारण त्या घरात मुलाची एक आत्या होती, बुल्लेम्मा. ती भावाच्या घरातलं प्रत्येक स्थळ चाळणीतून गाळून घ्यायची. एका मुलीचा बाप कॉफी पिताना दोनदा खोकला म्हणून तिनं "छाती अधू आहे घराण्याची" म्हणत ते स्थळ मोडलं होतं. दुसऱ्या एका मुलीच्या आजीची मान वयानं हलायची. बुल्लेम्मा म्हणाली, "आजीच नाही म्हणतेय, आपण कशाला गळ्यात पडा?" आणि उठली.

"मुलीच्या आईला बसता येत नाही, हे कळलं तर ती काय म्हणेल?" मंगतायारु पेर्राजूला म्हणाली. "हाडांची खोड म्हणेल. मुलीत उतरेल म्हणेल. कुणाला पत्ता लागता कामा नये."

"अम्मा, लपवायचं कशाला?" हारिका म्हणाली.

"तू गप्प बस. त्यांच्यापुढं बूड हा शब्द काढलास तर मी गोदावरीत उडी मारीन."

"उडी मारायला वाकता यायला पाहिजे, अम्मा."

माघातल्या एका गुरुवारी सकाळी पाहुणे आले. पुढं सत्तिबाबू, कडक इस्त्रीत. मागं दुर्गाप्रसाद, कपाळावर घाम. मग बुल्लेम्मा, आणि सगळ्यांत शेवटी वीरवेणी. उंच, भरदार बाई. हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि साडीच्या काठाखालून दिसणारा तो डावा पाय. पेर्राजूची नजर काही केल्या त्या पायावरून हलेना. त्यानं नमस्कारही पायाकडं बघूनच केला.

बुल्लेम्मा आल्या आल्या सोफ्याच्या मधोमध बसली. बाकी कुणी बसलं नाही. आमच्या गोदावरीकाठी पाहुणचाराला मर्यादा म्हणतात, आणि त्या मर्यादेला कुठंही मर्यादा नाही. वरमाई बसल्याशिवाय कुणी बसत नाही.

"बसा ना, वहिनी," मंगतायारु म्हणाली.

"आधी तुम्ही बसा, वहिनी," वीरवेणी म्हणाली.

"छे छे! वरमाई उभी आणि मी बसू? गाव तोंडात शेण घालेल माझ्या."

"जिची लक्ष्मी न्यायला आले, ती माउली उभी आणि मी बसू? मला नरकात सुद्धा जागा मिळायची नाही."

"तुम्ही मोठ्या."

"तुम्ही घरच्या."

"तुम्ही दमून आलात."

"तुम्ही राबून दमलात."

अशा फैरी झडत राहिल्या. मंगतायारु मनात म्हणत होती, बाई गं, एकदा टेक, म्हणजे मी पाणी आणते म्हणून निसटते. सोफा इतका खोल होता की एकदा ती त्यात बसली असती तर उठवायला शेजारी बोलवावे लागले असते. सत्तिबाबूनं दोनदा अर्धं बसून पाहिलं, आणि बायको उभी दिसताच दोनदा उठला. पेसरट्टू, म्हणजे मुगाची धिरडी, आणि उपमा आला, तो बुल्लेम्मा सोडून सगळ्यांनी उभ्यानं खाल्ला. दुर्गाप्रसादनं सदऱ्यावर उपमा सांडला. गणिताचा मास्तर, पण एका हातात ताट, एका हातात पेला आणि तिसऱ्या हातानं खायचं कसं, हे त्याला सुटेना.

तेवढ्यात हारिका कॉफी घेऊन बाहेर आली. बघते तर अख्खी खोली उभी. तिचा चेहरा पडला.

"निघालात?"

"नाही, नाही," दुर्गाप्रसाद घाईनं म्हणाला, "आत्ताच आलो. मी... आम्ही... छान घर आहे."

अर्धा तास झाला. बुल्लेम्मा भावाला जवळ ओढून कुजबुजली, "मुलीची आई वीरवेणीच्या तोडीला तोड उभी आहे, बघतोयस ना? ताठा आहे." इकडं पेर्राजू मंगतायारुच्या कानाशी लागला. "त्यांना आपला सोफा चालत नाही वाटतं. आपलं घर कमी वाटतंय त्यांना." हारिका दाराशी उभी राहून एकदा प्रसादकडं आणि एकदा आईकडं बघत होती. हेही स्थळ जाणार, आणि या वेळी आपल्या बुडापायी जाणार, असं मंगतायारुच्या डोळ्यांपुढं आलं.

मग वीरवेणीच म्हणाली, "वहिनी, तुमची ती चूल बघायची होती मला. इतकं ऐकलंय."

"या ना, या!" मंगतायारुनं संधी सोडली नाही. दोघी मागच्या दारानं अंगणात उतरल्या. एकीनं उजव्या भिंतीला हात लावला होता, दुसरीनं डाव्या. मंगतायारु स्वतःची चाल सरळ ठेवण्यात इतकी गुंतली होती की विहीणबाई पायरी आडवी होऊन उतरली, हे तिला दिसलंच नाही.

झावळ्यांच्या छपराखाली चूल होती, थंडगार. वीरवेणीनं मडक्यावरून हात फिरवला. "एक करून दाखवता का?"

"चूल पेटलेली नाही, वहिनी."

"मग नुसतं बसून तरी दाखवा. कशा बसता, कशा वळता."

नाही कसं म्हणायचं? मंगतायारुनं मारुतीचं नाव घेतलं, पदर खोचला आणि पाटाच्या दिशेनं खाली जायला सुरुवात केली. अर्ध्यावर गेली आणि अडकली. खालीही जाता येईना, वरही येता येईना. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळ्यांत पाणी.

"वहिनी?" वीरवेणी म्हणाली.

"एक मिनिट."

"काय झालं?"

"काही नाही. अशीच बसते मी."

"हवेत?"

मग मंगतायारुचा धीर सुटला. "वहिनी, माझं बूड गेलंय हो! दोन वर्षं झाली. मला बसता येत नाही. लग्नात चार तास पाटावर बसायचंय, कन्यादान आहे, मी तेव्हा उभी राहिले तर बुल्लेम्मावहिनी काय म्हणतील? तुमच्या पायाला एवढं यश आहे. मला एक लाथ घाला. आत्ता. इथं कुणी बघत नाही."

वीरवेणीचा चेहरा पांढरा पडला. "आज गुरुवार आहे, वहिनी."

"चालेल."

"तुम्ही उपमा खाल्लाय."

"थोडाच खाल्लाय."

"बघू पुढं कधीतरी."

"वहिनी, मी तुमच्या पाया पडले असते, पण वाकता येत नाही." एवढं बोलून मंगतायारु तशीच अर्धवट अवस्थेत वळली, अंगणातल्या नारळाला मिठी मारली आणि पाठमोरी उभी राहिली. "घाला. मुलीच्या आईला लाथ कशी घालू, असलं मनात आणू नका. मीच मागतेय."

वीरवेणीनं इकडं तिकडं पाहिलं. साडी वर धरली. उजव्या पायावर तोल घेतला आणि डावा पाय उचलला. तो पाय जमिनीपासून चार बोटं वर गेला असेल नसेल, तोच ती "अय्यो अम्मा!" म्हणून ओरडली, पुढं कोलमडली आणि तिनं मंगतायारुच्या कंबरेला मिठी मारली. नारळाला मंगतायारु, मंगतायारुला वीरवेणी.

आणि नेमक्या त्याच वेळी बुल्लेम्मा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली होती. खिडकीतून तिला उचललेला पाय तेवढा दिसला.

"लाथ घातली!" ती किंचाळली. "वीरवेणीनं विहिणीला लाथ घातली!"

घरात एकच धावपळ उडाली. मागचं दार आतल्या बाजूला उघडायचं. पेर्राजू, सत्तिबाबू आणि दुर्गाप्रसाद तिघेही एकदम त्याच्यावर जाऊन आदळले आणि बाहेर ढकलत राहिले. दार काही उघडेना. त्या अवधीत अंगणात दोघी विहिणी नारळाला धरून धापा टाकत होत्या.

"तुम्हाला काय झालं, वहिनी?" मंगतायारुनं विचारलं.

"तेच," वीरवेणी म्हणाली. तिला रडू येत होतं. "तुम्हाला झालंय तेच. मलाही बसवत नाही."

"पण तुम्ही तर पायाळू!"

"मी पायाळू नाही, वहिनी."

"म्हणजे?"

"माझी थोरली बहीण पायाळू. लाथेसाठी तिला न्यायला एकदा लोक आले होते, तर ती रुसून पेरूच्या झाडावर जाऊन बसलेली. काही केल्या उतरेना. आई म्हणाली, आज तू जा, कुणाला कळतंय. मी बारा वर्षांची. एका म्हाताऱ्याला तीन लाथा घातल्या आणि तो उठून चालायला लागला. बहीण लग्न करून हैदराबादला गेली, सुटली. मी अडकले. दर रविवारी उजव्या पायावर उभं राहायचं आणि डावा झाडायचा. चाळीस वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यापासून पाय उचलतच नाही. नुसता टेकवते अंगाला. तरी लोक म्हणतात, आज फार जोरात बसली."

"डॉक्टरला दाखवलं नाहीत?"

"मी? मी डॉक्टरकडं गेले हे कळलं तर लोक काय म्हणतील?"

मंगतायारुनं डोळे पुसले. "कुठं दुखतं? दाखवा."

वीरवेणीनं कंबरेवर बोट ठेवलं.

"खाली घ्या," मंगतायारु दरडावून म्हणाली. "अजून खाली. सभ्यपणा सोडा." आणि तिनं अंगठ्यानं दाबलं.

"अय्यो!"

"सापडलं. तुम्हाला उशी लागणार."

आत शेवटी हारिकानं तिघांना बाजूला केलं आणि दार स्वतःकडं ओढलं. तिघे एकावर एक अंगणात आले. त्यांच्यामागून बुल्लेम्मा, पदर खोचून.

"माझ्या अंगणात माझ्या बायकोला लाथ?" पेर्राजूचा आवाज चिरकला. आयुष्यात तो कुणावर ओरडला नव्हता, त्यामुळं ओरडायचं कसं हे त्याला नीट माहीत नव्हतं. "तुम्ही मुलाकडचे असाल! अख्ख्या जिल्ह्याला लाथा घाला, माझ्या मंगाला नाही! मीसुद्धा तिला कधी..."

"तुमची छाती आहे का?" मंगतायारु म्हणाली.

"बावगारू, काहीतरी गैरसमज झालाय," सत्तिबाबू व्याह्यांपुढं हात जोडत म्हणाला.

"गैरसमज कसला? माझ्या डोळ्यांनी पाहिलं," बुल्लेम्मा म्हणाली. "ज्या बाईवर वीरवेणीला पहिल्याच दिवशी पाय उचलावा लागला, ती बाई काय लायकीची असेल? चला. हे काही जमायचं नाही."

"आम्हालाच जमवायचं नाही!" पेर्राजू म्हणाला.

हारिका प्रसादकडं बघत होती, आणि प्रसाद सदऱ्यावरचा उपमा पुसता पुसता थांबला होता. पोरीनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. लहानपणी पडली, की रडायचं नाही म्हणून ती अशीच ओठ मिटायची. ते मंगतायारुनं पाहिलं. शेजारी वीरवेणी उभी होती. तिनं हळूच मान हलवली, नको, सांगू नका. कुणाचं गुपित, हे काही मंगतायारुला विचारावं लागलं नाही.

मंगतायारुनं नारळ सोडला.

"लाथ मी मागितली," ती मोठ्यानं म्हणाली. कुंपणापलीकडं शेजारच्या बायका कान लावून होत्या. त्यांनाही ऐकू जाईल इतकं मोठ्यानं. "माझं बूड दुखतं. दोन वर्षं झाली. मला बसता येत नाही, म्हणून मी बसले नाही. ताठा नाही, बूड! यांनी माझ्यावर दया केली, दुसरं काही केलं नाही. आता काय म्हणायचं ते मला म्हणा. माझ्या पोरीला काही झालेलं नाही. ती तर गोदावरी पोहून जाते."

बुल्लेम्माचे डोळे चमकले. "म्हणजे लपवलंत! हाडांची खोड आहे तुमच्या घराण्यात. सत्तिबाबू, ऐकलंस? आज आई, उद्या मुलगी. वीरवेणी, तुझ्या घरात पाय धरून बसणारी सून आणणार का तू?"

वीरवेणी गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. तिची कीर्ती शाबूत राहिली असती, ओसरीवरची रांगही. ती गप्प राहील असंच मंगतायारुला वाटलं, आणि तिनं मनातल्या मनात तिला माफही करून टाकलं.

"खोड असली तर ती मलाही आहे, वदिना," वीरवेणी नणंदेला म्हणाली. "मलाही बसता येत नाही. मी पण लपवलं. आणि मी पायाळू नाही. मी डोक्याकडूनच जन्मले, चारचौघांसारखी."

बुल्लेम्मा बोटं मोजायला लागली.

"मग..." ती शेवटी म्हणाली, "मी चार वेळा तुझ्याकडून..."

"बरं वाटलं होतं ना?"

"वाटलं होतं."

"मग झालं तर."

"बरं वाटलं होतं म्हणजे काय? चार वेळा! धाकट्या भावजयीच्या लाथा खाल्ल्या मी, उपाशीपोटी!" बुल्लेम्मा मटकन चुलीसमोरच्या पाटावर बसली. "आणि एकदा तर तुला नारळ-विडा पण दिला!"

"मला सुद्धा सांगितलं नाहीस?" सत्तिबाबू बायकोला म्हणाला.

"तुम्हालाही दोन घातल्या होत्या, म्हणून."

दुर्गाप्रसादला हसू आवरेना. त्यानं तोंड फिरवलं तर समोर हारिका, तिचीही तीच गत. दोघं एकमेकांकडं बघून जे हसायला लागले ते थांबेनात. बुल्लेम्मानं त्यांच्याकडं रागानं पाहिलं, पण बसल्या जागेवरून तिला उठता येत नव्हतं. पाट फारच बुटका होता.

वीरवेणी मंगतायारुकडं वळली. "वहिनी, आता तुम्ही सांगा. चाळीस वर्षं लोकांना फसवलं मी. पाय अधू, तोंड खोटं. अशा सासूच्या घरात द्याल मुलगी?"

मंगतायारुनं पंधरा दिवस उत्तरं घोकली होती. मुलीला स्वयंपाक येतो का, नोकरी सोडेल का, मंगळ आहे का. तिला कुणी असं काही विचारेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. मुलीच्या आईला कुणी विचारत नाही.

"देईन," ती म्हणाली. "पण माझी एक अट आहे."

पेर्राजूनं घाबरून तिचा पदर ओढला. मुलीकडच्यांची अट! तिनं पदर सोडवून घेतला.

"या रविवारपासून तुमचं दार बंद. एकही लाथ घालायची नाही. कुणी मेलं तरी नाही. आणि सोमवारी आपण दोघी रावुलपालेमला जायचं. मी पण नीट करते कवायत, तुम्ही पण करा. तो पोरगा उशी सांगतो म्हणून मी हसले होते, पण चार दिवस केली तेव्हा उतार होता, हे मी कुणाला कबूल केलं नव्हतं."

वीरवेणी हळूच म्हणाली, "लोक लांबून येतात हो, वहिनी. रडत येतात. त्यांना परत कसं पाठवू? काय सांगू?"

"डॉक्टरचा पत्ता द्या. आणि सांगा, विहिणीनं मना केलंय. फार खाष्ट आहे म्हणावं. शिव्या द्यायच्या तर मला देऊ देत."

लाथ घाल म्हणून हात जोडणारे वीरवेणीला इतकी वर्षं भेटत आले होते. आता पुरे, असं तिला आईनं म्हटलं नव्हतं, नवऱ्यानं म्हटलं नव्हतं. तिनं मंगतायारुच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि व्याह्यांच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, गळा काढून रडायला लागली. मंगतायारुनं तिला कवेत घेतलं. भरदार बाई, तिचा सगळा भार उजव्या अंगावर आला आणि कुल्ल्यातून जीव जाईल अशी कळ निघाली. तरी तिनं तिला सोडलं नाही.